दूरगामीचं सहावं पुस्तक

सावली
९ जानेवारी १९८७

स. श्रा. दुर्गे, कथा विभाग, मुंबई यांस,

जय भीम.

तुमचा कागद भेटला. टाइप केलेला, खाली गोल शिक्का. पाकिटावर लिहिलं होतं, 'कै. श्रावण दुर्गे यांचे वारस, बौद्ध मोहल्ला, सावली'. पोचू पोस्टमन दारात उभा राहून म्हणे, "मनकर्णाबाई, या घरात वारस कोण जी?" मी म्हणली, "एक मी आहे, एक मांजर आहे. मांजर सही करत नाई. आण इकडं." त्यानं पाकीट दिलं अन् माझ्या तोंडाकडं पाहून गालात हसला. त्याचं हसू त्याच्याजवळ.

मी वारस नाई. मी श्रावणची माय आहे. वारस मेल्यावर येते, माय आधीपासून असते. कंपनीत हे लिहून ठेवा.

तुमच्या कागदातलं मले समजलं ते असं. मागं रेडिओवर 'दूरगामी' नावाची आकाशातल्या यानाची श्रुतिका लागे. तिच्यावरून श्रावण दुर्गे यांनी सहा लहान कादंबऱ्या लिहिल्या. आता तुमची कंपनी तेच यान टीव्हीवर उडवून राह्यली, अन् त्याचा सगळा इतिहास पहिल्यापासून नवा मांडून राह्यली. तर जुन्या सहा पुस्तकांतलं नव्यात काय बसते अन् काय नाई, हे तपासाचं आहे. बसन ते खरं. नाई बसन ते घडलंच नाई. पुस्तकं कंपनीजवळ नाईत, तरी वारसांनी पाठवून सहकार्य करावं.

घडलंच नाई म्हणजे काय, बाप्पा? मुलचेऱ्याच्या शाळेत दिवसभर पोट्टे हाकून, संध्याकाळी अंगणात बाजेवर बसून, मच्छर मारत माझ्या पोरानं लिहिलं. ते घडलं. मच्छर बी घडले.

अन् खाली 'आपली विश्वासू'. मी तो कागद तीनदा वाचला. स म्हणजे सत्यशीला, श्रा म्हणजे श्रावण. माझ्या लुगड्यावर मुतणारी पोट्टी मले विश्वासू लिहते! मुंबईत आजीले असंच लिहतेत काय? का मले मेलीच धरली आहे? कोणं सांगतलं, ते राहू दे.

पुस्तकं सहाच्या सहा ट्रंकेत आहेत, कडुनिंबाच्या पाल्यात. वाळवी लागली नाई. पण शिक्का मारून मागशीन तं देत नाई.

मनकर्णा दुर्गे
(हे मी सोता लिहिलं. कोणाचा हात नाई.)


सावली
२ फेब्रुवारी १९८७

सत्याबाईस,

पाकीट भेटलं. आत एक टाइप केलेली यादी अन् चिठ्ठीवर हातानं तीन ओळी. 'पुस्तकं उरली असतील म्हणून त्या घरी लिहिलं. माझी आजी १९७७ साली वारली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. आपण कोण आहात?'

प्रश्न बरोबर आहे. माझं घर, माझं नाव घेऊन कोणी बी लिहू शकते. तं ऐक. तुझ्या डाव्या घोट्यावर भाजल्याचा डाग आहे, चिंचोक्यायेवढा. चार वर्षांची असताना चुलीवरचं आंबिलीचं गंज तू लाथेनं पाडलं होतं. तुझ्या मायले आपण सांगतलं, मांजरानं पाडलं. हे तू अन् मी सोडून कोणाले ठाऊक नाई. ते मांजर होतं, पण ते बी मेलं.

लिहाले मी एकोणऐंशीत शिकली. समाजमंदिरात प्रौढांचा वर्ग निघाला. मास्तरीण माझ्याहून चाळीस वर्षांनी लहान, माझ्या बोटाले धरून 'क' काढे अन् म्हणे, "आजी, हात ढिला सोडा." मी म्हणो, "बाई, या हातानं धानाचा रोवणा केला आहे, हा ढिला होत नाई." तरी आलं. पहिलं पुस्तक वाचलं ते तुझ्या बापाचंच. पहिल्या पुस्तकात यान बाराव्या पानावर उडते. माझं उडाले सात महिने लागले.

वारली हे कोणं सांगतलं, ते मंग पाहू. आधी तुझी यादी. कोण्या पुण्याच्या वाचकाजवळ पहिली दोन पुस्तकं भेटली, त्यावरून केली म्हणते. तुमच्या कंपनीले तीन गोष्टी अडून राह्यल्या.

पहिली. तुझा बाप लिहते यान २०२० साली उडालं, कंपनी म्हणते २०५०. यात अडाचं काय? मतदार यादीत मी अडुसष्ट वर्षांची आहे, रेशनकार्डात चौसष्ट, अन् माझी माय म्हणे मी मोठ्या पुराच्या सालची. दोन कागद सरकारी, एक सांगणं मायचं, बाई एकच. यान उडालं हे दोघंबी म्हणतेत ना? मंग झालं.

दुसरी. बापाच्या पुस्तकात निळ्या चंद्रावर बोडी आहे, पाण्यानं भरलेली. कंपनीच्या चंद्रावर पाण्याचा थेंब नाई. सत्या, तू सावलीत आठ वर्षं काढली. बोडी वैशाखात कशी दिसते, विसरली काय? तळाले भेगा पडतेत, गुरं आरपार चालतेत. तुझा बाप तिथी भादव्यात गेला असन, कंपनी वैशाखात. तसं लिहा.

तिसरी. यंत्रमानवाले बापानं तीन हात दिले, कंपनीनं दोन. काम करणाऱ्याचे हात जातेत. आपल्या पोचूच्या भावाचा धानगिरणीत गेलाच ना. बाप लिहत होता तवा तीन होते, आता दोन राह्यले. उलटं असतं तं मी बी मान्य केलं नसतं.

तुले वाटन, ह्या बुढीले काय समजते. हे काम मी केलं आहे, पोरी, तुझ्या कंपनीच्या जन्माच्या आधी.

छप्पन साली आम्ही चांद्याले दीक्षा घेऊन आलो. घरातले देव टोपल्यात भरले अन् वैनगंगेत सोडले. टोपलं तुझ्या बापानंच डोक्यावर घेतलं, अठरा वर्षांचा होता. देव गेले. पण दुसऱ्या दिवशी जात्यावर बसली तं तोंडातून तेच. हात फिरला की ओवी येते, ती काई बाईले विचारून येत नाई. गुलाबबाई म्हणे, "बायांनो, देव तं टाकले, आता तोंडाले काय टाके घालाचे?" मंग आम्ही सात-आठ जणी तिच्या अंगणात बसलो अन् एकेक ओवी बाहेर काढली, जशा कण्या निवडाव्या. आधी होतं,

तांदळाच्या कण्या, जात्यात घालते
मातामायचं नाव, दाण्यासंगं बोलते

तिथी केलं 'भीमरायाचं नाव, दाण्यासंगं बोलते'. चाल तीच, जातं तेच. कुठी नाव बदललं की भागे, कुठी आख्खी ओळ काढावी लागे. गुलाबबाईचा नियम होता, ओवी फेकाची नाई. आधी बसवून पाहाची, दहादा पाहाची. साऱ्या बसल्या. एकच गाणं बसलं नाई. ते मंग सांगीन.

तुमची कंपनी पाच-पंचवीस शिकलेले बसवून हेच करून राह्यली. आम्हाले पगार नव्हता.

पहिली पाच पुस्तकं धाडते, रजिस्टर करून. सहावं ठेवून घेते.

गुलाबबाई गेली. त्या अंगणातली आता मी एकटी आहे. जातं आहे घरात, पण दळण गिरणीतून येते. एका माणसाचं दळण असते तरी किती.

तुझी आजी (जित्ती)


सावली
२८ फेब्रुवारी १९८७

सत्या,

यावेळी टाइप नाई, हातानं लिहिलं, चार पानं. तुझं अक्षर बापासारखं आहे, र ले शेपटी. 'आजी' लिहून पुढं प्रश्नचिन्ह टाकलं. चालते. प्रश्नचिन्ह तं प्रश्नचिन्ह.

तू विचारते, तिसऱ्या पुस्तकात कप्तानाची माय मरते. रेडिओवर ती मरत नव्हती, बाबांनी सोताच्या मनानं मारली. कंपनीले ते फार आवडलं, नव्या इतिहासात घेतलं. पण बाबांनी तिले काऊन मारलं?

माझ्यावर राग होता त्याचा. आता सांगण्यात अर्थ नाई, पण सांगते.

तुझा बाप चार वर्षांचा असताना त्याले माता आली. अंगभर फोड. डॉक्टर नव्हता. मी एकवीस दिवस त्याच्या उशाशी बसून गाणं म्हणलं. 'माय, आली तशी जाय, माझ्या लेकराले न लागता तुझे पाय.' तो वाचला. आता तू शिकलेली आहेस, तू म्हणशीन गाण्यानं नाई वाचला. नसन. पण मले दुसरं काई करता येत नव्हतं.

तेच ते गाणं, बसलं नाई ते. त्या अंगणात गुलाबबाईनं लई खटपट केली. पण त्यात देवीचं नाव काढून बाबासाहेबाचं घालाचं तं पुढं काय म्हणाचं? 'आला तसा जा'? बाबासाहेबाले कोण असं म्हणन? साऱ्या जणी पोट धरून हासल्या. मंग गुलाबबाई म्हणे, हे राहू द्या. एकडाव आख्खं म्हणू अन् सोडून देऊ. म्हणलं, अन् सोडलं.

मी गाणं सोडलं. पण टोपल्यात देव भरताना मातामायचा एक टाक मी काढून घेतला होता. चांदीचा, नखायेवढा, माझ्या मायनं दिलेला. धानाच्या ढोलीत तळाशी ठेवला. पूजा नाई केली, दिवा नाई लावला. ठेवला फक्त. चौदा वर्षं तिथी धान येत गेलं, जात गेलं, तो तळाशी.

सत्तर साली तुझ्या बापानं ढोली झाडाले काढली अन् त्याच्या हाताले लागला. तू आठ वर्षांची, दारात गोट्या खेळत होती, तुले आठवत नसन. तो ओरडला नाई. ओरडला असता तं मी बी ओरडली असती, भागलं असतं. तो म्हणे, "माय, मी टोपलं डोक्यावर घेतलं तवा तू मागं काय ठेवून आली होती ते मले आता समजलं." मी म्हणली, "तुले ठेवून घेतलं होतं त्यानं, म्हून मी त्याले ठेवलं." तो म्हणे, "मी जगलो ते माझ्या अंगानं. तू अजून मागच्याच जगात आहेस." टाक घेऊन नदीवर गेला. त्या आठवड्यात तुम्हा दोघींले घेऊन मुलचेऱ्याले बिऱ्हाड केलं.

वर्षानं तिसरं पुस्तक आलं. मले वाचता येत नव्हतं. बसस्टँडजवळ लटारूचं सायकलचं दुकान होतं, तो चौथी शिकलेला, तो मले वाचून दाखवे. हातात ग्रीस, म्हून पुस्तक कोपरानं दाबून धरे. कप्तान निळ्या चंद्रावर मायले बोलावते. ती येत नाई, कारण तिले गाठोडं सोडवत नाई. मंग एक दिवस बिनतारी निरोप येते. लटारू थांबला. म्हणे, "मनकर्णाबाई, पुढचं पान फाटलं आहे." मी म्हणली, "पान नाई फाटलं, तू फाटला. वाच." त्यानं वाचलं. 'आपली आई वारली.' कप्तान रडत नाई, यान वळवते.

मी घरी आली अन् भात टाकला. मेलेल्या बाईले बी भूक लागते.

दोन वर्षांनी तो आला. मी ताट वाढलं, लाखोळीची डाळ, भात. जेवला. म्हणे, "डाळीत मीठ कमी आहे." मी म्हणली, "मेलेल्या माणसाच्या हाताले अंदाज नसते." तो हासला. बस, एवढाच आमचा समेट. पण गाठोड्याचं तो बोलला नाई अन् मी बी विचारलं नाई.

सहावं पुस्तक यासंगं धाडते. ती एकच प्रत आहे. जपून वाच. त्यात काई चुकलं असन तं कंपनीच्या आधी मले सांग.

आजी


सावली
२० मार्च १९८७

सत्या,

वाचलं. तू लिहते, कंपनीची बैठक दहा एप्रिलले आहे. पाच पुस्तकं थोडी इकडंतिकडं करून बसतीन. सहावं बसत नाई. तुझ्या साहेबानं त्यावर लाल पेन्सिलीनं लिहिलं, 'घडलेले नाही'. कारणं तीन. यान अवकाशात पंक्चर होते अन् कप्तान त्याले ठिगळ लावते. मेलेली माय शेवटल्या पानावर जित्ती दार उघडते, अन् कशी ते कुठीच लिहिलं नाई. अन् शेवटली तीन प्रकरणं वेगळ्याच हातची वाटतेत.

साहेब हुशार आहे. ती तीन प्रकरणं तुझ्या बापाची नाईत. माझी आहेत.

तो कावीळ घेऊन मुलचेऱ्याहून इथी आला, ते तुले आठवते. अकरा दिवसांत गेला. उशाखाली वही होती, पाच प्रकरणं झालेली. तेरवी झाली, अन् तुझी माय तुले घेऊन नागपूरले भावाकडं निघाली. मी म्हणली, पोट्टीले ठेव. ती म्हणे, नाई. मी बसस्टँडवर सगळ्या लोकांसमोर म्हणली, "जा मंग. मी मेली समजा." ती बी मानी, मी बी. तू खिडकीतून हात हालवला. मी नाई हालवला. लटारू दुकानातून पाहत होता.

महिन्यानं प्रकाशकाचं कार्ड आलं, श्रावणच्या नावानं. उरलेली तीन प्रकरणं ताबडतोब पाठवा. लटारूनं वाचलं. म्हणे, "कळवू काय, भाऊ वारले म्हून?" मी म्हणली, "नको. बस तू अन् लिही."

चार दिवस लागले. मी पोत्यावर बसून सांगो, तो लिहो. मी म्हणली, लिही, यान रस्त्यात मोडलं. मले वाटलं, लिहिलं असन मोडलं. त्या मेल्यानं पंक्चर लिहिलं! पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे बी पाह्यले. मले हे समजलं आठ वर्षांनी, सोता वाचलं तवा. तवर लटारू मेला होता, भांडाले बी भेटला नाई.

अन् शेवट मी सांगतला. कप्तान परत येते. घराले कुलूप असन म्हून चावी हातात काढते. दार आतून उघडते. माय उभी. म्हणते, "लई उशीर केला, आंबील थंडी झाली." संपलं.

मी तिले जित्ती केली, कारण ती माझी होती. पोरानं रागात मारली, मरताना वही माझ्या घरात ठेवून गेला. त्यानं सोडलेलं काम मी माझ्या हिशोबानं पुरं केलं. ती जित्ती कशी, ते तवा लिहिलं नाई, कारण तवा मलेच ठाऊक नव्हतं. आता आहे. दहा तारखेले साहेबाले हे सांग.

तिसऱ्या पुस्तकात मढं कोणी पाह्यलं? कोणीच नाई. बिनतारी निरोप आला. निरोप कोणं धाडला, तुझ्या बापानं लिहिलं आहे काय? पुस्तक उघडून पाह. नाई लिहिलं. तं तो निरोप तिनंच धाडला. रागात. पोरगं गाठोड्यावरून बोललं, दूर गेलं, तं तिनं कळवून टाकलं की मी मेली. तिसरं बी खरं, सहावं बी खरं. निरोप तेवढा खोटा.

तुझा साहेब म्हणन, असं कोणती माय करते?

त्याले सांग, सावलीची मनकर्णा करते.

सत्त्याहत्तर साली, उन्हाळ्याच्या तोंडी, नागपूरहून एक पाकीट आलं. पोचू म्हणे, "बाई, तुमच्या नातीचं दिसते. वाचून दाखवू काय?" दोन वर्षं झाली होती तुम्हाले जाऊन. एक कागद नाई. मले वाटलं, आता कशाची तरी गरज पडली असन म्हून लिहिलं. मी म्हणली, "वापस कर. लिही, मालक मयत." पोचू म्हणे, "बाई, तुम्ही समोर उभ्या आहात. मी असं कसं लिहू जी?" मी म्हणली, "मी जित्ती सोता सांगून राह्यली ना, मेली म्हून? आणखी कोणाची साक्ष पाह्यजे तुले? लिही." त्यानं लिहिलं. त्या दिवसापासून तो माझ्याकडं पाहून तसा हासते.

मले वाटलं होतं, तुझी माय तरी येईन, पाहाले. मढ्याले तरी. कोणी आलं नाई. मी असती तिच्या जागी तं मी बी आली नसती, म्हून तिले नावं ठेवत नाई.

मंग मी लिहाले शिकली. तुले वाटलं असन, बापाची पुस्तकं वाचाले शिकली. अर्धं खरं आहे, अर्धं तुले लिहाले. पण पत्ता त्या पाकिटावर होता अन् पाकीट मीच वापस केलं होतं. तुझा मामा बदलून गेला म्हणे. अन् मेलेल्या माणसानं कोणत्या तोंडानं लिहाचं?

त्या पाकिटात काय होतं, सत्या? दहा वर्षं झाली, मले तेवढंच ठाऊक नाई. बैठकीत काय सांगाचं ते तू पाहून घे. पण मले आधी सांग.

आजी


सावली
१५ एप्रिल १९८७

सत्या,

काल जयंती झाली. निळे झेंडे, लाऊडस्पीकर, लेझीम. सगळ्या घरी पावणे. माझ्या ओट्यावर बसून दुसऱ्यांचेच पोट्टे पाणी पिऊन गेले. मी खीर केली होती, सवयीनं जास्त झाली. मांजराले दिली.

दहा तारीख होऊन पाच दिवस झाले. पोचू रोज येते अन् दारातूनच हात हालवते, काई नाई म्हून. आता हासत नाई. तो हासत नाई तेच मले बरं वाटत नाई.

तुले राग आला असन तं येऊ दे. मोहफुलं वेचाले सकाळी जाते, दुपारी वाळत घालते. वेळ जाते. तू लिहिलंच पाह्यजे असं काई नाई.

मनकर्णा


सावली
६ मे १९८७

सत्या,

काल पाकीट भेटलं. जाड होतं. पोचूनं ते हातात दिलं अन् गेलाच नाई, खांबाले टेकून उभा. मी म्हणली, "तुले काय पाह्यजे?" म्हणे, "बाई, मी ती ओळ माझ्या हातानं लिहिली होती. मले बी ऐकाचं आहे." मंग मी मोठ्यानं वाचलं.

बैठकीचं आधी. तू उभी राहून निरोप खोटा होता म्हून सांगतलं, तं साहेब म्हणे, प्रेक्षकाले हे पटणार नाई, कोणतीच आई असं करत नाई. तू म्हणली, "माझ्या आजीनं केलं आहे." तो म्हणे, "खऱ्यात होत असेल, कथेत बसत नाही." पाच पुस्तकं घेतली. सहाव्यावरची लाल ओळ तशीच राह्यली. तू लिहते, आजी मले माफ कर, हरली मी.

हरली काय त्यात? मले वाटलं होतं मले लई लागन. रातभर नाई, पण चहा होईपर्यंत लागलं. मंग आठवलं, गुलाबबाईच्या अंगणातलं ते गाणं बी बसलं नव्हतं. बसलं नाई म्हून तुझ्या बापाले माता आलीच नाई काय? त्याच्या गालावर तीन व्रण होते, कोणाच्या यादीत नाईत, पण मी हात फिरवला की लागत. कंपनीचं खरं कंपनीजवळ राहू दे. पंक्चर आपलं. आंबील आपली.

आता दुसरं.

तू त्या वापस आलेल्या पाकिटाले कधी फेकलं नाई, अन् ते आख्खं, न फोडलेलं, ह्याच्यात घालून धाडलं. वरती पोचूचं अक्षर, 'मालक मयत'. पोचूनं ते पाह्यलं अन् टोपी काढून खांबाच्या पल्याड तोंड केलं. मी फोडलं. पंधरा वर्षांच्या पोट्टीचं अक्षर, र ले शेपटी. चारच ओळी.

'आजी, माझी परीक्षा झाली. इथी मामाच्या घरी मले करमत नाई. आईले मी विचारलं, ती हो म्हणली. मी उन्हाळ्यात सावलीले येऊ का?'

मी ते एकदाच मोठ्यानं वाचलं. दुसऱ्या वेळी मनात वाचलं. पोचू म्हणे, "बाई, पाणी आणू काय?" मी म्हणली, "तू तुझी बाकीची पत्रं वाट. लोक वाट पाहत असतीन."

तं तुझ्या पत्राचं उत्तर.

ये.

उन्हाळाच आहे. चांद्याहून मूल गाव, मूलहून सावली, दुपारची यष्टी घे, सकाळची मोडते. बसस्टँडवर मी येणार नाई, तिथी माझा अनुभव चांगला नाई. घरी ये. दाराले कुलूप नसते, चावी काढू नको. आंबील सकाळीच करून ठेवते, थंडीच असन, 'लई उशीर केला' म्हणाले मले जागा ठेवू नको.

अन् सहावं पुस्तक पोस्टानं धाडू नको. एकच प्रत आहे, हातानं आण. पोस्टाचा मले भरोसा नाई. मी त्यात एकडाव मेली आहे.

तुझी
आजी